नदीवरचं बिऱ्हाड

आम्ही दोघी जावा. एकीचं माहेर वाळव्याकडचं, दुसरीचं मिरजेकडचं. सासर एकच, कृष्णाकाठचं. दोघे भाऊ नोकरीसाठी अमेरिकेत शिकागोजवळ स्थायिक झाले, म्हणून आम्हीही तिकडेच. या सुट्टीत गावी आलो तर केंद्रावरच्या ताई म्हणाल्या, "तुम्ही म्हणे घरची बोट घेऊन नदीतून दोन हजार किलोमीटर गेलात. सांगा की आमच्या बायकांना." म्हणून आज माइकपुढे बसलोय. आम्ही दोघी मिळून एकच बोलणार आहोत, तेव्हा आत्ता थोरली बोलतेय का धाकटी, हे शोधत बसू नका.

आधी एक शंका फेडतो. घरची बोट म्हटलं की सिनेमातली पांढरीशुभ्र श्रीमंती डोळ्यांपुढे येते. आमची बोट तशी नाही. ती तीस वर्षांची जुनी, छत्तीस फूट लांब, दोन घरांनी मिळून घेतलेली. दोन झोपायच्या खोल्या, त्या आपल्या देवघरापेक्षा थोड्या मोठ्या. एक ओटा, त्यावर दोन शेगड्या. स्वयंपाक करताना बूड वळवलं की मागचं कपाट उघडतं. वेग तासाला बारा-तेरा किलोमीटर, म्हणजे चांगली सायकल चालवणारा पोरगा आम्हाला मागे टाकेल. नाव ठेवलं 'कृष्णाई'. तिथल्या लोकांना ते म्हणता येत नाही, त्यामुळे वायरलेसवर दर वेळी एकेक अक्षर सुटं करून सांगावं लागतं. पण बदललं नाही.

तिकडे 'ग्रेट लूप' नावाची एक वाट आहे. समुद्रकिनारा, कालवे, मोठी सरोवरं आणि नद्या जोडत अमेरिकेच्या पूर्व भागाला बोटीतून पूर्ण प्रदक्षिणा. सुमारे सहा हजार मैल. निवृत्त झालेली जोडपी वर्षभर घर बंद करून ती करतात. त्यांची एक संघटना आहे. प्रदक्षिणा चालू असेल त्या बोटीवर पांढरं निशाण, पुरी झाली की सोनेरी. आम्हाला वर्षाची रजा कोण देणार? आम्ही फक्त नद्यांचा तुकडा केला. शिकागोहून इलिनॉय नदी, मग मिसिसिपी, ओहायो, टेनेसी, आणि शेवटी टॉम्बिग्बी नदीतून दक्षिणेला मोबाइल शहराशी समुद्र. सप्टेंबरात निघायचं आणि नोव्हेंबरात पोचायचं, कारण वादळांच्या भीतीनं बऱ्याच विमा कंपन्या १ नोव्हेंबरच्या आधी खाली समुद्राकडे बोट न्यायला परवानगी देत नाहीत. त्यामुळे सगळे एकाच सुमाराला निघतात आणि वाटेत टोळ्या जमतात. आमची टोळी पाच बोटींची झाली. आपल्या वारीत दिंडीची ओळख वाटेवरच घट्ट होते ना, तसंच. कोण कुठल्या हुद्द्यावर होतं, हे महिनाभर कुणी विचारलं नाही. माणसांना नावंही बोटीचीच. आम्ही चौघं म्हणजे सगळे मिळून 'कृष्णाई'.

शिकागोची नदी ही माणसानं उलटी फिरवलेली नदी आहे. पूर्वी ती मिशिगन सरोवरात जायची आणि शहराची घाण बरोबर न्यायची. पिण्याचं पाणी त्याच सरोवरातून. पटकी, विषमज्वर यांची भीती कायमची. शेवटी कालवा खणून १९०० साली त्यांनी प्रवाह सरोवरापासून दूर, उलट दिशेला वळवला. घाण गेली ती खालच्या गावांकडे, आणि त्यावरून भांडणंही झाली. वरच्या गावानं सोडलेलं खालच्यानं प्यायचं, ही गोष्ट कृष्णाकाठच्या बायकांना आम्ही वेगळी सांगायला नको.

याच कालव्यात रोमिओव्हिल गावाशी पाण्यात वीज सोडलेली आहे. हो, वीज! चंदेऱ्या मासा, तोच हो, आपल्याकडे शेततळ्यात कटला-रोहूबरोबर सोडतात तो सिल्व्हर कार्प, १९७० च्या दशकात तिकडे तळी साफ ठेवायला म्हणून आणला, आणि तो निसटून नद्यांत पसरला. आता तो सरोवरात शिरू नये म्हणून हा विजेचा बांध. तिथून जाताना उघड्यावर असाल तर जाकीट घालायचं, हात पाण्यात घालायचा नाही, थांबायचं नाही. पुढे नदीत तर इंजिनाच्या आवाजानं हे मासे बिचकून उड्या मारतात. चांगला चार-पाच किलोचा एक मासा आमच्या डेकवर येऊन आदळला. धाकटीनं सुरी घेतली, रस्सा केला. अमेरिकी शेजारी आधी नाकं मुरडत होते, मग वाट्या घेऊन आले. काटे फार, एवढंच.

आता लॉक म्हणजे काय ते सांगतो, कारण याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपला कोल्हापुरी बंधारा डोळ्यांपुढे आणा. बंधाऱ्याच्या वर पाणी उंच, खाली खोल. मग बोट जाणार कशी? बाजूला एक लांबट हौद बांधलेला असतो, दोन्ही टोकांना दारं. इलिनॉय नदीवरचे बहुतेक हौद सहाशे फूट लांब, एकशे दहा फूट रुंद. वरच्या दारातून आत जायचं, दार लागतं, हौदातलं पाणी खाली सोडतात आणि बोट पाण्याबरोबर अलगद खाली उतरते. मग खालचं दार उघडतं. पंपबिंप काही नाही, सगळं पाण्याच्या ओढीनं. त्या नदीवर असे आठ. सैन्याचं अभियंता खातं ते चालवतं आणि आमच्यासारख्यांकडून एक पैसा घेत नाही. मात्र आधी मालवाहू बोटी, मग आम्ही. दारात तीन-तीन तास ताटकळलोय.

हौदात बोटीचा दोर भिंतीतल्या तरंगत्या खुंट्याला टाकतात. खुंटा पाण्याबरोबर खाली सरकतो. दोर गाठ मारून बांधायचा नाही, हाताला गुंडाळायचा नाही, नुसता धरायचा, आणि शेजारी धारदार सुरी ठेवायची. खुंटा अडकला आणि दोर बांधलेला असला तर पाणी खाली जातं आणि बोट भिंतीला टांगलेली राहते. तेव्हा दोर कापण्यावाचून उपाय नाही.

मालाच्या बोटींचं सांगायला हवं. एकेक बार्ज १९५ फूट लांब, त्यात दीड हजार टन मका नाहीतर सोयाबीन, कोळसा, खडी. असे पंधरा बार्ज, तीन रांगांत पाच-पाच, लोखंडी दोरांनी जखडून मागून एकच बोट ढकलते. लांबी हजार फुटांच्या घरात. सेंट लुईच्या खाली लॉक नाहीत, तिथे पंचवीस-तीससुद्धा असतात. ही वरात मैलभर आधी ब्रेक लावायचा म्हटला तरी पटकन थांबत नाही, आणि तिच्या नाकापुढे शेकडो फूट कप्तानाला काही दिसतच नाही. म्हणून आपणच आधी वायरलेसवर १३ नंबरला बोलायचं: कप्तान, कुठल्या बाजूनं येऊ? तो म्हणतो, "एक शिट्टी." म्हणजे समोरासमोर येताना दोघांनी एकमेकांना डाव्या हाताला ठेवायचं. दोन शिट्ट्या म्हणजे उजव्या. पूर्वी खरोखर भोंगा वाजवत, आता नुसतं बोलतात. आम्हाला पहिले दोन दिवस शिट्टी म्हटलं की गॅसकडे बघायची सवय जाईना. बाकी हे कप्तान फार सभ्य. दिवसाच्या शेवटी "शुभ रात्री, मॅडम" म्हणणारे.

मॅडम म्हणायचे, कारण तोपर्यंत वायरलेसवर आम्ही बायका बोलायला लागलो होतो. खरं सांगायचं ते इथूनच पुढे आहे.

या जोडप्यांच्या बोटींवर कामाची वाटणी ठरलेली असते. चाकापाशी नवरा, दोराशी बायको. धक्क्याला लागताना नवरा वरून ओरडतो, बायको खाली वाऱ्यात ऐकू न येऊन वेगळंच करते, आणि धक्क्यावरचे सगळे बघत असतात. दोघांनी कानाला लावायचे बोलायचे हेडफोन मिळतात. तिकडे त्यांना थट्टेनं संसार वाचवणारं यंत्रच म्हणतात. आम्ही चार घेतले, आणि पैसे वसूल झाले.

पण ओरडणं ही किरकोळ गोष्ट. आमच्या टोळीत एक निवृत्त नर्सबाई होत्या, अडुसष्ट वर्षांच्या. संध्याकाळी बोटी लागल्या की सगळे खुर्च्या मांडून धक्क्यावर बसत, ज्यानं-त्यानं एकेक पदार्थ आणायचा. आमच्या कोथिंबिरीच्या वड्या पहिल्या संपायच्या. अशाच एका संध्याकाळी या बाईंनी ताटली खाली ठेवून विचारलं, "इथे दहा माणसं आहोत, आठजणांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी पाहिल्यात. चाकापाशीच्या माणसाला काही झालं तर बोट काठाला कोण लावणार?" कुणी बोललं नाही. नवऱ्यांपैकी एकजण म्हणाले, ही एवढी वर्षं मीच चालवतोय, काही झालं नाही. बाई म्हणाल्या, म्हणूनच विचारते.

दुसऱ्या दिवशी स्टार्व्हड रॉकचं लॉक ओलांडलं. तिथून पिओरियाच्या लॉकपर्यंत सत्तरेक मैलांत एकही लॉक नाही, आणि पुढे नदी तळ्यासारखी पसरते. शिकायला यासारखी जागा नाही. ठरलं असं, की पाचही बोटींवर रोज दोन तास बायकांच्या हाती चाक, आणि त्या वेळात नवऱ्यांनी तोंड बंद ठेवायचं. दुसरा भाग त्यांना जास्त जड गेला!

बोटीला ब्रेक नसतो, हे पहिलं शिक्षण. थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं. चाक वळवलं की नाक नाही, आधी शेपूट सरकते. सगळ्यांत उपयोगी धडा हा, की नाक प्रवाहाच्या वरच्या अंगाला करायचं आणि इंजिनाचा जोर प्रवाहाइतकाच ठेवायचा. मग बोट भर नदीत जागच्या जागी उभी राहते. पाणी तिच्या पोटाखालून जात राहतं, काठावरचं झाड मात्र हलत नाही. आम्ही ते पुन्हा पुन्हा केलं, एखादी टोपी पाण्यात टाकून ती उचलायला परत जाऊन. आणि मदत कशी मागायची तेही घोकलं: १६ नंबर लावायचा, 'मेडे' तीनदा म्हणायचं, बोटीचं नाव, कुठल्या मैलावर आहोत, माणसं किती, झालंय काय. नदीला मैलाचे आकडे असतात, मिसिसिपीच्या त्या टापूत ते खालच्या केरो गावापासून वर मोजत येतात. हे सगळं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून चाकाशेजारी चिकटवलं. आमच्या कागदावर खाली मराठीतही लिहिलं होतं, कारण घाबरलं की आधी मराठीच सुचतं.

मिसिसिपीला लागलो आणि नदीचा स्वभाव बदलला. इलिनॉय म्हणजे संथ, वारणेसारखी. मिसिसिपी म्हणजे पावसाळ्यातली कृष्णा, आणि तीही बारा महिने. वाहत येणारे ओंडके, भोवरे, काठाकडून पाण्याखाली घातलेले दगडी बांध. आणि आल्टन ते ओहायोवरचं पडुका, जवळजवळ अडीचशे मैल, म्हणजे चारशे किलोमीटर, आमच्यासारख्या बोटींना डिझेल भरायला जागा नाही. धक्केही जवळपास नाहीत. टाकी भरून निघायचं आणि एकमेकांच्या नजरेत राहायचं.

सेंट लुई सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी, साठाव्या मैलाच्या सुमाराला, आमच्या पुढच्या बोटीवरून तिच्या मालकिणीचा आवाज आला. १६ नंबरवर. नवऱ्याच्या छातीत दुखतंय, घाम सुटलाय, तो चाकापाशी बसूनच खाली घसरला. तिनं मैल सांगितला, माणसं दोन म्हणून सांगितलं, सगळं त्या कागदाबरहुकूम. आवाज थरथरत होता पण एक शब्द चुकला नाही. तटरक्षक दलानं उत्तर दिलं, आठ मैलांवरच्या केप जिरार्डो गावाला कळवलं. नर्सबाईंनी वायरलेसवरूनच विचारलं, अॅस्पिरिन चालतं का त्याला? चालत होतं. दे, चावायला लाव.

आणि तेवढ्यात वळणावरून एक वरात वर येताना दिसली. आम्ही मोजले नाहीत, पण वीसच्या वर बार्ज असावेत. बाईंनी १३ नंबर लावून सांगितलं, मी एकटी आहे, नवरा आजारी आहे, मी पहिल्यांदा एकटी चालवतेय. कप्तान म्हणाला, "मॅडम, एक शिट्टी. तुम्ही आहात तिथून अजिबात हलू नका, मी जोर कमी करतो." आणि खरंच त्यानं ते सगळं धूड वळणाच्या खाली रोखून धरलं, पाचही बोटी जाईपर्यंत. त्या माणसाचं तोंडही आम्ही पाहिलेलं नाही.

केप जिरार्डोसमोर बाईंनी नाक प्रवाहावर केलं आणि बोट उभी ठेवली. अगदी पिओरियाला टोपीसाठी ठेवायचो तशी. अग्निशमन दलाची छोटी बोट काठावरून आली. पण आता प्रश्न असा, की बाई नवऱ्याबरोबर गेल्या तर चाळीस फुटांची बोट धरणार कोण? धाकटीनं जाकिटाचे पट्टे आवळले होतेच. त्या छोट्या बोटीनं आधी तिला आमच्याकडून उचललं, त्यांच्या बोटीवर सोडलं, आणि मग दोघा नवराबायकोला घेऊन ती काठाकडे गेली. जाताना बाई एवढंच म्हणाल्या, डावं इंजिन जरा ओढतं.

घरी हे ऐकलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "आणि दोघे भाऊ काय करत होते?" ते दोराशी उभे होते, आई. कृष्णाई थोरली चालवत होती.

तीन-साडेतीन मैल खाली लिटल डायव्हर्जन नावाचा एक अरुंद कालवा नदीला मिळतो. त्या टापूत रात्री नांगर टाकायला तेवढीच सुरक्षित जागा. आत शिरायची रीत अशी, की तोंड ओलांडून खाली जायचं, मग वळून प्रवाहाविरुद्ध वर यायचं आणि तिरकं आत घुसायचं. सरळ वळायला गेलं तर पाणी बोटीला आडवी करून पुढे नेतं. धाकटी वळली, वर आली, आणि शेवटच्या क्षणी जोर वाढवून आत गेली. आतलं पाणी तळ्यासारखं शांत. एकमेकींना बांधून, पुढे-मागे नांगर टाकून पाचही बोटी उभ्या राहिल्या. त्या रात्री पिठलं-भात केला, पण जेवण कुणाला फारसं गेलं नाही. साडेदहाला फोन आला, वेळेवर आणलं म्हणाले, दुसऱ्या दिवशी शिरेत स्टेंट घालणार.

केरोला ओहायो आणि मिसिसिपी मिळतात. कऱ्हाडला कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भिडतात, तसं नाही. इथे दोन रंगांची पाणी कितीतरी अंतर शेजारी-शेजारी चालतात. तिथून ओहायोत वळलं की सगळं उलटं, प्रवाह विरुद्ध आणि आतापर्यंत डावीकडे असलेल्या लाल खुणा उजवीकडे. धाकटीनं आणि नर्सबाईंच्या नवऱ्यानं मिळून ती बोट पडुकाला नेली आणि पुढे केंटकी धरणाजवळच्या बोटतळावर ठेवली.

पुढचा प्रवास सुखाचा झाला, म्हणून थोडक्यात सांगतो. टेनेसी नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, आम्ही तिच्यात वर चढलो. मग टेनेसी-टॉम्बिग्बी हा खणलेला जलमार्ग, २३४ मैल आणि दहा लॉक, १९८० च्या दशकात पुरा झालेला. त्यातलं पहिलं लॉक एकदम चौऱ्याऐंशी फूट खाली उतरवतं. आठमजली इमारतीच्या गच्चीवरून तळात गेल्यासारखं, भिंती ओल्या, वर आभाळाची एक पट्टी. पानगळीचे रंग, काठाशी बगळे, मैलोन्मैल घर नाही. डेमोपोलिस गावाच्या खाली तर दोनशेहून जास्त मैलांत दुकानसुद्धा दिसत नाही म्हटलं तरी चालेल. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही मोबाइलला पोचलो.

ते गृहस्थ बरे आहेत. पाच आठवड्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दोघं परत बोटीवर आले आणि डिसेंबरात खाली पोचले. सगळी वाट चाक बाईंच्या हाती. त्यांनी पाठवलेल्या फोटोत ते दोर धरून उभे आहेत, नाराज तोंडानं.

केंद्रावर आल्या-आल्या एका मैत्रिणीनं विचारलं, आम्हाला काय उपयोग? आमच्याकडे बोट कुठाय? बरोबर आहे. पण आपण नावेत बसतोच. यात्रेला, पैलतीरच्या शेताला, आणि पुरात जीव वाचवायला. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी नावच उलटली. त्यात बायका होत्या, लेकरं होती, त्यांची नावं इथल्या कित्येकींना माहीत आहेत. तिकडच्या कायद्यात बोटीवर जेवढी माणसं तेवढी जाकिटं असलीच पाहिजेत. तेरा वर्षांखालच्या पोरांनी तर बोट चालू असताना ती अंगात घालूनच बसायचं. वीस फुटांखालच्या मोटारबोटींना पत्रा ठोकलेला असतो, इतकी माणसं, इतकं वजन, त्याच्यावर नाही. तो पत्रा वाचायला शिक्षण लागत नाही. आपल्या घाटावरच्या नावेवर तसा आकडा रंगवायला एक डबा रंग लागतो. ग्रामसभा येत्या महिन्यात आहे, आम्ही दोघी तोवर गावातच आहोत, आणि अर्जाचा मसुदा ताईंकडे देऊन ठेवलाय. सही करायची असेल त्यांनी केंद्रावर यावं, दुपारी दोन ते पाच. लॉकमध्ये बोट उतरतानाचं चित्रीकरणही तिथल्या संगणकावर ठेवलंय, पोरांना दाखवा.